उजव्या डब्यातला कोळी

रविवार, १० एप्रिल २०१६, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे. रक्कम पंधरा हजार रुपये, दवाखान्याची अनामत. हजर चौघे: मी, माझी पत्नी, माझी थोरली बहीण आक्का आणि ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाई. आक्का खाटेवर बसून होती, आडवी व्हायला तयार नव्हती. तिच्या उजव्या तर्जनीवर शेजारी शेजारी दोन लाल ठिपके होते आणि बोट दुसऱ्या पेरापर्यंत सुजले होते. पाऊण तासापूर्वी तिला आमच्या घरातला कोळी चावला होता.

भिंतीवर जाळे करतो तो कोळी नव्हे. टॅरँटुला, म्हणजे पाय पसरले तर तळहात भरेल असा केसाळ कोळी. माझ्या मुलीने हौसेने पाळलेला. आणि असे आमच्याकडे दोन होते, दोन डब्यांत.

"दोनातला कुठला चावला?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

मला सांगता येईना. एक चिली देशातला. तो चावला तर मधमाशी डसल्यासारखे होते आणि काही तासांत उतरते. दुसरा आपल्याच मातीतला, बिळात राहणारा. त्याच्याबद्दल मुलीच्या वहीत लाल शाईने लिहिले होते, की दुखणे जबर, दोन-तीन दिवस अंगात पेटके येऊ शकतात. एवढे मी त्यांना सांगितले. आक्काच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे, हेही सांगितले.

त्यांनी नाडी मोजली. एकशे सोळा.

"काका, मी हा दंश कधी पाहिलेला नाही, खोटं कशाला सांगू," त्या म्हणाल्या. "पहिला असेल तर इंजेक्शन, गोळी, तीन तास बसवून ठेवू आणि घरी. दुसरा असेल तर यांच्या हृदयाचा भरवसा धरता येत नाही. आयसीयूत मॉनिटर लावून दोन दिवस ठेवावं लागेल. आणि कुठला ते कळत नसेल, तर मी दुसराच धरणार."

"म्या नाय ऱ्हाणार," आक्का म्हणाली. "मागल्या टायमाला सहा दिस नळ्या लावून निजवलं व्हतं. शेजारच्या खाटंवरची बाई माझ्यासमोर गेली. त्या डब्ब्याची टुक-टुक ऐकूनच मरंन मी."

पंधरा हजार भरायला माझी ना नव्हती, कार्ड खिशात होते. पण आक्का ज्या भीतीने बोलत होती ती भीतीच तिची नाडी वाढवत होती, हे दिसत होते. उगाच ठेवले तर तिला त्रास. आणि ठेवायला हवे असताना घरी नेले तर काय, ते मनात आणायलाही धीर होत नव्हता. डॉक्टरीणबाईंना मी एक तास मागितला. "घरी जाऊन बघून येतो कुठला ते."

"तासच," त्या म्हणाल्या. "तोवर मी इथून हलत नाही. पण पेटके आले तर तुमची वाट बघणार नाही."

आता हे दोन कोळी घरात कसे आले ते सांगायला हवे.

मुलगी तेव्हा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. चिलीचा कोळी तिने शहागंजातल्या रंगीत माशांच्या दुकानातून आणला, स्वतःच्या शिकवणीच्या पैशातून. दुकानदार त्याला 'चिली रोझ' म्हणत होता, कारण त्याच्या अंगावर उन्हात गुलाबी झाक मारते. दुसरा फुकट आला. हर्सूलच्या पलीकडे माळावर नवे प्लॉट पडत होते, तिथे पायाचे खोदकाम करताना मजुरांना तो बिळात सापडला. कुणीतरी फावडे उगारले होते. मुलगी मैत्रिणीच्या घराची जागा बघायला तिथे गेली होती, ती त्याला जेवणाच्या डब्यात घालून घेऊन आली. सोडून का दिला नाहीस, असे मी विचारले. ती म्हणाली, "बाबा, तिकडं माती वीट झालीय. बीळ करायला ओल नाही, खायला किडा नाही. पाऊस पडला की सोडते."

हे खरे होते. सलग दोन वर्षे पावसाने ओढ दिली होती. आम्ही २००४ साली गारखेड्यात घर बांधले तेव्हा मागच्या गल्लीपासून ज्वारीची शेते सुरू होत. बारा वर्षांत तिथे चार वसाहती उभ्या राहिल्या आणि प्रत्येक घराने बोअर घेतली. आमची बोअर एकशे ऐंशी फुटांवर लागली होती. त्या उन्हाळ्यात समोरच्यांनी साडेपाचशे फूट मारली आणि फुफाटा निघाला. नळ चौथ्या दिवशी पाऊण तास येई. मधल्या दिवसांसाठी गल्लीत टँकर येई. त्या पाण्याने अंगाला खाज सुटते अशी सगळ्यांची तक्रार होती.

आक्का आमच्याकडे आली तीही पाण्यामुळेच. आमचे घराणे मेंढरे राखणारे. मी शिकलो आणि वीजमीटर तपासायच्या प्रयोगशाळेत चिकटलो. आक्का लग्न होऊनही मेंढरांतच राहिली. फेब्रुवारीत त्यांच्या गावची विहीर आटली. भाच्याने कळप नदीकाठाने खाली नेला आणि आईला माझ्याकडे आणून सोडले. ती आल्या दिवसापासून कोळ्यांना भ्यायली नाही. माझी पत्नी मात्र त्या खोलीच्या उंबऱ्यापाशीच थांबते, अजूनही.

दोन्ही कोळी वाढीच्या वयातले होते आणि सारखेच तपकिरी. वजनेही जवळपास सारखी. मीच सोनाराचा छोटा काटा आणून दर रविवारी वजन घ्यायची शिस्त लावली होती. मुलगी हसली, पण तिने वही घातली. वजन, खाल्लेली झुरळे, कात टाकल्याची तारीख. डबेही मीच आणले, एकाच दुकानातून, एकाच मापाचे, पांढऱ्या झाकणांचे. आणि प्रत्येक झाकणावर छापील अक्षरात चिठ्ठी चिकटवली: क्रमांक एक, चिली, क्रमांक दोन, देशी.

चिठ्ठी झाकणावर का? कारण मी बावीस वर्षे तसेच करत आलो होतो. मीटरचा क्रमांक आम्ही मीटरच्या झाकणावर लावतो. झाकण शिशाचे सील मारून बंद केलेले असते, ते मीटरपासून कधी सुटे होतच नाही. डब्याचे झाकण दर चौथ्या दिवशी सुटे होते, हा फरक माझ्या डोक्यात आला नाही.

त्या रविवारी सकाळी नळ आला. मुलगी स्पर्धा परीक्षेला गेली होती. दोन पेपर, फोन जमा, सुटका साडेचारला. डबे साफ करायचे काम तिने माझ्यावर सोपवले होते. मी गच्चीवर टाकीपाशी अडकलो म्हणून आक्काने ते करून टाकले. मुलगी करताना तिने पाहिले होते. वाटी पालथी घालून कोळी उचलायचा, खाली पुठ्ठा सरकवायचा, नारळाच्या सालीचा जुना भुगा टाकून नवा भरायचा. पाणी वाचावे म्हणून दोन्ही झाकणे तिने एकाच घमेल्यात धुतली आणि कठड्यावर वाळत घातली. वाळल्यावर कुठले झाकण कुठल्या डब्याचे, हे तिने बघितले नाही. तिला वाचता येत नाही. दोन्ही पांढरी, दोन्ही सारखी.

"डबे हलवले नाहीत ना?" निघताना मी तिला विचारले होते.

"डबे हायत तिथंच. ज्याचा त्याच्या घरात ठिवला. उजव्या अंगाचा चावला, त्यालाबी त्याच्या डब्यात घातला. पळू दिला नाय."

डाव्या-उजव्या जागा आम्ही कधी ठरवल्या नव्हत्या, ओळख झाकणावरूनच. म्हणजे प्रश्न एवढाच उरला होता, की उजव्या डब्यात कोण आहे.

दवाखान्याबाहेर ज्या रिक्षाने आम्ही आलो होतो ती उभीच होती. रिक्षावाल्याने मला घाईत पाहून गाडी सुरू केली.

"क्या हुआ चाचा, साप काटा क्या आपा कू?"

"नाही, मकडी."

"मकडी?" त्याने मान वळवली. "किधर की मकडी?"

"घरची. पाळलेली."

त्याने मान परत रस्त्याकडे वळवली. मग म्हणाला, "हमारे यहाँ पीने कू पानी नै, और तुम लोगां मकडी पालते." वर म्हणाला, "मै रुकता बाहर. तुम देख के आओ."

खोलीत दोन डबे खिडकीखाली होते. उजव्या डब्यावर 'क्रमांक दोन, देशी' असे झाकण होते. आता त्याला काडीची किंमत नव्हती. मी मुलीची वही उघडली. तिने फरक नीट लिहिले होते. पहिला, देशी कोळी रेशमाचे दाट जाळे अंथरतो, चिली फारसे नाही. पण सगळे जाळे आक्काने सकाळीच साफ केले होते. दुसरा, चिलीवर गुलाबी झाक असते. पुढे कंसात: कात टाकायच्या आधी ही झाक जाते आणि तो मळका तपकिरी दिसतो. तारखा पाहिल्या. चिलीची कात कधीही पडायला आली होती, दोन आठवडे त्याने खाल्ले नव्हते. मी डबे उन्हात धरले. दोन्ही मळके तपकिरी.

मग वजने. मागच्या रविवारी क्रमांक एक नऊ ग्रॅम चार, क्रमांक दोन नऊ ग्रॅम एक. फरक तीन दशांश ग्रॅमचा. त्यानंतर देशीने दोन झुरळे खाल्ली होती, झुरळाचे वजन कुणी घेतले नव्हते. ज्या आकड्यांवर मी चार महिने मुलीला पिडले ते हवे तेव्हा कुचकामी निघाले.

तिसरा फरक स्वभावाचा. देशी चिडला की पुढचे पाय उभारतो. मी रंगाचा ब्रश घेऊन आधी डाव्या डब्यात लावला. तो कोपऱ्यात सरकला, बाकी काही नाही. मग उजव्या. त्याने झटकन पुढचे पाय वर केले आणि ब्रशवर आपटला. ब्रश माझ्या हातून आत पडला. तो काढायला मी डाव्या हाताने झाकणाची आड धरली आणि उजवा हात सरळ भुग्यात घातला. शहाणपणाचे नव्हते, पण घातला.

मी पत्नीला फोन केला. "देशीच दिसतोय," मी म्हणालो.

ती म्हणाली, "वन्संची नाडी एकशे वीस झालीय. डॉक्टर म्हणतात मनगटावर पुरळ उठतंय, ते विषाचं असेल. या लवकर. कार्ड आणा."

मी झाकण लावले, हात पुसला आणि रिक्षात बसलो. सूतगिरणी चौकाच्या अलीकडे माझ्या उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. आधी बारीक, मग अशी की हात मांडीवर घासावा वाटे. टँकरचे पाणी, हे माझ्या मनात आले आणि तिथेच अडकले. टँकर गुरुवारी आला होता. त्या पाण्याने मी तीन दिवस आंघोळ केली, मला काही झाले नव्हते. आणि आज सकाळी तर मी नळाच्या पाण्याने हात धुतले होते. डावा हात ठीक होता. उजव्याचीही फक्त बोटे, जेवढी भुग्यात गेली तेवढीच.

मी वही सोबत घेतली होती. रिक्षातच उघडली. फरकांच्या यादीत चौथी ओळ होती, ती मी घाईत सोडली होती कारण ती बघण्याची गोष्ट नव्हती. 'चिलीच्या पाठीवर खाज आणणारे बारीक केस असतात. भीती वाटली की मागच्या पायांनी घासून उडवतो. अमेरिका खंडांतल्या कोळ्यांनाच हे असतात. आपल्याकडच्या टॅरँटुलांना नसतात.'

मी ती ओळ तीनदा वाचली. प्रयोगशाळेत एका हाताच्या एका नोंदीला आम्ही पुरावा म्हणत नाही. दुसरी नोंद हवी, तीही पहिलीशी संबंध नसलेली.

वॉर्डात शिरलो तर आक्का डावे मनगट पदराने चोळत होती आणि माझी पत्नी तिला सांगत होती, "नका खाजवू वन्सं, टँकरच्या पाण्याचंच असंल, सगळ्यांना होतंय."

मी खाटेवर टेकलो. "आक्का, चावायच्या आधी त्यानं काय केलं? पहिल्यापासून सांग."

"आत्ता इचारतो व्हय," आक्का म्हणाली. "मघापासनं एक म्हणतो डब्बा कंचा, दुसरी म्हणती झाकाण कंचं. मला कुणी इचारलं?"

"सांग ना."

"म्या वाटी आणली तवा त्यानं आधी बूड फिरवलं माझ्याकडं. मंग मागल्या पायानं पाठ खरडली, खरड-खरड, कुत्रं पिसू खाजवतं तसं. या हातानं डब्बा धरला व्हता, हितं बारीक कुसं आल्यागत झालं. म्या म्हणलं पळायचं बघतंय. बोट आडवं लावलं, तवा फिरून चावला. बिचारा भ्याला व्हता."

"आणि दुसऱ्यानं? डाव्या डब्यातल्यानं?"

"त्यो लई तेज. त्यानं पाठ-बिठ नाय दावली. वाटी दिसली की सूं करून आवाज केला आन् भिताडाला चढला. दोघं न्यारेच हायत की. एक मेंढरू दुसऱ्यावाणी कवा आसतं का?"

डॉक्टरीणबाई उभ्या राहून ऐकत होत्या. मी त्यांना वहीतली ओळ दाखवली, माझी बोटे दाखवली, आक्काचे डावे मनगट दाखवले. चावलेला हात उजवा आणि पुरळ डाव्यावर, हे त्यांनी स्वतः बोलून दाखवले.

"पण काका, खाज तर टँकरच्या पाण्यानं निम्म्या गारखेड्याला सुटलीय. माझ्याकडे रोज चार येतात."

"मान्य आहे," मी म्हणालो. "पण आमच्या घरात तेच पाणी चौघं वापरतात. हिनं त्या पाण्यात चार बादल्या कपडे धुतले, हिला काही नाही. ज्या दोघांनी उजव्या डब्यात हात घातला त्यांनाच आहे, आणि डब्याला लागला तेवढ्याच जागी."

त्यांनी पत्नीचे हात बघितले. मग भिंग आणायला सांगून आक्काच्या मनगटावर चिकटपट्टी लावून काढली आणि उजेडात धरली. पट्टीवर बारीक तपकिरी कुसळे आली होती. मलाही दाखवली. मी चष्मा वर करून पाहिले. ब्रशवर त्याने पाय उभारले होते ते देशी म्हणून नव्हे, सकाळपासून भ्यायलेला म्हणून.

"चिली," त्या म्हणाल्या. "माझ्या डॉक्टरकीत हा देश पहिल्यांदा आला." आक्काकडे वळून म्हणाल्या, "मावशी, नळ्या नाहीत. तीन तास बसा, मग जा."

"टुक-टुक नाय?"

"नाही."

आक्काने पाय वर घेतले, कूस बदलली आणि ज्या खाटेवर ती आल्यापासून पाठ टेकवायला तयार नव्हती तिथे पंधरा मिनिटांत घोरू लागली. एक वाजून चाळीस मिनिटांनी नाडी शहाण्णव होती, अडीच वाजता अठ्ठ्याऐंशी. मी दर पाव तासाला मोजत होतो. अडीचनंतर पुन्हा मोजायला गेलो तेव्हा पत्नीने माझा हात धरून खाली बसवले. "त्यांना झोपू द्या. तुमची मोजा." मोजली. एकशे चार. मग आम्ही दोघांनी कँटीनचा चहा मागवला आणि तो गार होईपर्यंत हसत राहिलो, नेमके कशाला ते सांगता येणार नाही. त्या दिवशी आम्ही सकाळपासून काही खाल्ले नव्हते, हे तेव्हा लक्षात आले.

जागी झाल्यावर आक्काने मला चिठ्ठ्यांविषयी विचारले. काय लिहिले होते, कुठे लावले होते. मी सांगितले.

"झाकणावर?" ती म्हणाली. "येवढा शिकलास भाऊ. आरं, कळपाची खूण जनावराच्या कानाला करत्यात, गेरूनं पाठीवर करत्यात. मेंढरांच्या वाड्याच्या फाटकाला कुणी करतं का? फाटाक उघडं राह्यलं की झालं."

"कोळ्याच्या कानाला कशी करणार, वन्संना विचारा," पत्नी म्हणाली.

"मंग डब्ब्याच्या अंगाला तरी कर."

चूक माझी होती आणि तिने बरोबर बोट ठेवले होते, तेही सुजलेले.

पाच वाजता मुलीचा फोन आला. मी सगळे क्रमाने सांगितले. ती घाबरून मध्ये मध्ये "आत्या कशी आहे" म्हणत राहिली. मी फोन आक्काकडे दिला. आक्काने ऐकून घेतले, दोनदा "व्हय" म्हणाली आणि फोन परत माझ्या हातात ठेवला.

"काय म्हणाली?"

"पयलं माझं बोट इचारलं. मंग म्हणती, आत्या, त्याचा पाय-बिय मोडला नाय ना."

"मग?"

"सांगितलं, समदे आठ हायत."

पंधरा हजारांची अनामत भरलीच नाही. प्रत्यक्षात दिले ते असे. दवाखान्याच्या खिडकीवर तपासणीचे दोनशे, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि गोळ्यांचे एकशे पंधरा. आक्काला तीन तास ठेवल्याचे डॉक्टरीणबाईंनी वेगळे काही लावले नाही. मी विचारले, त्यांनी हाताने नको म्हटले. रिक्षावाला दुपारपासून बाहेर होता, घरचा डबा गाडीतच खाऊन. चार फेऱ्या आणि थांबल्याचे मी त्याला तीनशे देऊ केले. त्याने दोनशे साठ घेतले आणि चाळीस परत केले.